माझ्यासाठी रेंज थांबत नव्हती

छर्रा कानाजवळून गेला आणि टार्गेटमागच्या पत्र्यावर आदळला. मी तिथंच, टार्गेटची अडकलेली दोरी सोडवत होते. मागून हसणं आलं. "अगं, घाबरतेस काय? लागला का तुला?"

हसणारा आमच्या नेमबाजी क्लबच्या एका बड्या मेंबरचा मुलगा. माझ्याच वयाचा. त्याचं छर्‍याचं पिस्तूल स्वतःचं, परदेशी. माझं क्लबचं, नवशिक्यांना देतात ते, मूठ घासून गुळगुळीत झालेलं. माझे बाबा मार्केट यार्डात हमाल. कॉलेजनं मला इथं फुकट शिकायला पाठवलेलं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. हात स्थिर आहे तुझा, असं क्लबात शिकवणारे सरच म्हणायचे.

दहा मीटरवर टार्गेटचा कागद दोरीवर पुढंमागं सरकतो. दोरी अडकली की कोणीतरी पुढं जाऊन सोडवायची. तेव्हा सगळ्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवून मागं सरायचं, हा पहिल्याच दिवशी शिकवलेला नियम. सर स्वतः जायचे तेव्हा रेंज थांबायची. मग ते मला पाठवायला लागले. "एवढ्यासाठी सगळ्यांना कशाला थांबवायचं? तू कडेकडेनं जा पटकन." मी जायचे. महिनाभर गेले. मूर्ख मीच, कधी विचारलं नाही.

त्या दिवशी परत येऊन सरांना सांगितलं. म्हणाले, "मस्करी केली असेल. मनावर घेऊ नकोस." मी माझ्या जागेवर उभी राहिले, पिस्तूल भरलं. तो शेजारीच, चार हातांवर, पाठमोरा मोबाइल बघत होता. माझा हात तिकडं वळायला बघत होता. खोटं कशाला सांगू? मी पिस्तूल खाली ठेवलं. मला माझ्याच हाताची भीती वाटली.

तेवढ्यात सरांनी हाक मारली, "चार नंबरची दोरी अडकलीय, जा."

चार नंबरची जागा त्याचीच. आता तो पिस्तुलात छर्रा भरत होता, माझ्याकडं बघत.

भिंतीवर पाटी आहे. धोका दिसल्यास कोणीही 'स्टॉप' म्हणावे. रोज वाचत होते. त्या 'कोणीही'त आपण येतो असं कधी वाटलंच नव्हतं.

"स्टॉप!" मी ओरडले.

सगळी पिस्तुलं खाली गेली. त्याचंही. सर धावत आले. "तू कोण गं रेंज थांबवणारी? माफी माग त्याची, नाहीतर उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

"माफी त्यानं मागायची. मग तुम्ही." मी म्हणाले.

घरी बाबा म्हणाले, "पोरी, मोठ्या लोकांशी वाकड्यात कशाला शिरतेस? चांगली संधी जाईल." संधी जाईल! अहो, डोळा गेला असता माझा.

तक्रार लिहिली. त्याचं नाव, सरांचं नाव, खाली माझी सही. एक प्रत कॉलेजात दिली, एक पोलीस चौकीत. काल संध्याकाळी एक पांढरी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी तासभर उभी होती. आतून कोणी उतरलं नाही. आईनं दार लावून घेतलं.

उद्या सकाळी सातला मी रेंजवर जाणार आहे. गेटवर अडवलं तर गेटवर उभी राहीन. आत सोडलं तर नेम धरीन. पण भरलेल्या पिस्तुलापुढं मी पुन्हा पाऊल टाकणार नाही, आणि माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाला टाकूही देणार नाही.