खांबांचा रंग

आमच्या घराण्याला एक खोड आहे. पाहुणे येणार म्हटलं की आम्ही काहीतरी रंगवतो. माझ्या लग्नाची बोलणी करायला माणसं येणार होती, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आदल्या दिवशी घराचं फाटक हिरवंगार केलं आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या पांढऱ्या पँटवर त्याचा पट्टा उमटला. लग्न तरीही जमलं. त्यामुळे आपलं काही चुकलं, असं आबांना आजतागायत वाटलेलं नाही.

आमचं दुकान कोल्हापूरच्या जुन्या पेठेत आहे. दावी, कासरे, घुंगरं, बैलांच्या शिंगांना बांधायचे गोंडे. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, आधी पंधरा दिवस पाय ठेवायला जागा नसते. एरवी आबा ताडपत्र्या विकतात आणि पेपर वाचतात. इमारत पणजोबांनी बांधलेली. खाली काळा दगड, वर लाकडी सज्जा, समोर सहा सागवानी खांब. सागवानी हे आपलं ऐकून माहीत. ते लाकूड आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, कारण दर दसऱ्याला आबा आणि काका मिळून खांबांना ऑइलपेंट लावायचे, तोही आधीचा न खरवडता. खांबांच्या माथ्यावर मोर कोरलेत म्हणे. मी शाळेत जाईपर्यंत रंग खाऊन खाऊन त्यांच्या कोंबड्या झाल्या होत्या.

काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. इमारतीत निम्मा वाटा त्यांचा. त्यांचं म्हणणं, हे पाडायचं, खाली पार्किंग, वर तीन मजले. आबांचं म्हणणं, माझ्यामागं काय ते करा. यावरून वर्षभर दोघांचं बोलणं बंद होतं आणि निरोप माझ्यामार्फत, पुण्याहून फोनवर, इकडून तिकडे जायचे. शेवटी मीच तोड काढली. वारसा इमारतींच्या यादीसाठी अर्ज करायचा. पाहणीत इमारत पास झाली तर काकांनी पुन्हा विषय काढायचा नाही. नापास झाली तर आबांनी बिल्डरच्या कागदावर सही करायची. आबा हो म्हणाले आणि दोन दिवस धड जेवले नाहीत, हे मला आईकडून कळलं.

पाहणीची तारीख आल्यावर मी आबांना फोनवर बजावलं, की कशालाही हात लावू नका, धूळसुद्धा झाडू नका. आबा ‘व्हय व्हय’ म्हणाले. आबांच्या ‘व्हय व्हय’चा अर्थ मला इतक्या वर्षांत कळायला हवा होता.

त्या सकाळी रिक्षातून उतरले आणि कोपऱ्यावरच वास आला. दुकान चकाकत होतं. खांब चॉकलेटी, सज्जा क्रीम, कोंबड्यांच्या चोची सोनेरी. शिडीवर ब्रश घेऊन साक्षात काका.

“काका, तुम्हाला तर हे पाडायचंय ना?”

“पाडायचंयच की. पण पावणं बघाय येणार, त्यांच्यापुढं असलं कळकट ठेवायचं व्हय?”

शिडी आबांनी धरली होती. दोघं अजूनही एकमेकांशी बोलत नव्हतेच; रंगवणं तेवढं चालू होतं. मी भडकले. म्हटलं, “आबा, ते जुनंच बघायला येतायत. तुम्ही नेमकं तेच झाकून टाकलंत.” आबांचा चेहरा पडला. त्यांनी फडकं घेतलं आणि ओला रंग पुसायला लागले. खांबही बरबटला, हातही बरबटले. मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली.

तेवढ्यात पाहणीला बाई आल्या. तरुण होत्या, बोलायला मोजक्या. त्यांनी खांबावर हात टेकला आणि तळवा चॉकलेटी करून घेतला. घराण्याची परंपरा राखली गेली. मग त्यांनी ब्लेड मागितलं. काका शेजारच्या सलूनमधून पळत जाऊन घेऊन आले. बाई खाली बसून जमिनीलगतचा वीतभर भाग हळूहळू खरवडायला लागल्या. चॉकलेटीखाली निळा, निळ्याखाली करडा. आबा आणि काका दोन्ही बाजूंना उकिडवे बसले. हिरवा निघाला तसे काका म्हणाले, हा मंडळाच्या कमानीतला उरलेला.

“न्हाय रं,” आबा म्हणाले. “पोरीच्या लग्नातला. फाटकाचा.”

वर्षभरात आबा काकांशी बोललेलं हे पहिलं वाक्य. पुढं दोघं त्या हिरव्यावरून यथास्थित भांडले.

सगळ्यात खाली लाकूड निघालं, ताज्या गुळाच्या ढेपेच्या रंगाचं. बाईंनी नखानं टोचून पाहिलं आणि म्हणाल्या, या पेठेत इतकं धडधाकट सागवान मी बघितलं नाही. तुमच्या रंगानं पाणीही आत जाऊ दिलं नाही आणि वाळवीही. आबांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी जन्मभर ऐकून घेणार आहे.

इमारत यादीत आली. अट एकच, सगळा रंग काढायचा आणि पुन्हा कधी ऑइलपेंट लावायचा नाही, फक्त जवसाचं तेल. आबांनी विचारलं, दसऱ्यालासुद्धा नाही का? नाही, दसऱ्यालासुद्धा नाही. दुकान वाचल्याच्या आनंदात मला तेव्हा कळलं नाही की ते का विचारतायत. आईला कळलं होतं. काका नव्या वसाहतीत राहायला गेल्यापासून न बोलावता दुकानात यायचे, ते फक्त या रंगासाठी.

यंदा दसऱ्याच्या आधी मी मुद्दाम गेले. आबा सकाळपासून गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. काका आले, नेहमीची डागाळलेली पँट घालून, पिशवीत स्वतःचा ब्रश घेऊन. आबांनी ब्रश काढून घेतला आणि हातात तेलाचं फडकं दिलं. काका शिडीवर चढले. मोर आता पुन्हा मोर झालेत; काका एकेक पीस पुसत होते.

दावं घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्यानं उघडे खांब बघितले आणि आबांना विचारलं, “काय पावणं, यंदा रंग न्हाय? दुकान मोडाय काढलंय व्हय?”

आबा बोलायच्या आत शिडीवरून आवाज आला.

“मोडाय? आमच्या आज्यानं बांधल्यालं हाय हे.”

आबांनी वर बघितलं नाही. शिडी तेवढी दोन्ही हातांनी धरली.