मागाहून जेवणारीचं वजन

"तुम्ही खादाड नाही, आजारी आहात," बेळगावचे डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडले. नर्सला वाटलं, मी आजाराला घाबरले. गोळीने बरं होतं हे, म्हणत तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी घाबरले नव्हते. मला संताप आला होता. यजमान शेजारच्या खुर्चीत छत्रीची मूठ चाचपत बसले होते आणि तीच छत्री त्यांच्या पाठीत घालावी असं मला वाटत होतं.

आजाराचं नाव हायपोथायरॉइडिझम. गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉइड नावाची ग्रंथी असते, तिचा रस कमी पडला की सगळं शरीर मंदावतं. ऐंशीच्या दशकात कोकणातल्या आमच्या तोंडवली गावात हे नाव कोणी ऐकलं नव्हतं. माझ्यासारखं जिला होईल, तिच्यासाठी हे पहिल्यापासून लिहिते.

सुरुवात थंडीने झाली. मे महिन्यात सगळे घामाने निथळत असताना मी घोंगडी पांघरून बसायचे. मग केस गळू लागले, आवाज घोगरा झाला, पाय चपलांत मावेनात. बसल्या जागी झोप यायची. आणि वजन वाढत होतं.

आमच्याकडे बायका मागाहून जेवतात. आधी पुरुष, मग मुलं, मग सासूबाई, आणि शेवटी सून, स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून. भांड्यात उरेल ते तिचं. ती जेवताना कोणी बघत नाही, बघूही नये अशी रीत. इतकी वर्षं त्या रीतीचं मला काही वाटलं नव्हतं. अंग वाढायला लागल्यावर मात्र ती माझ्यावरच उलटली. हिला जेवताना कोणी पाहिलं नाही, म्हणजे ही चोरून खाते!

"वाऱ्यान काय कोण फुगता?" सासूबाई विहिरीवर म्हणायच्या. "खाता आणि गप रवता."

अशा गजालीला मीठमसाला लागायला कितीसा वेळ? शेजारणी माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. मासळीवालीसुद्धा दारात टोपली उतरवून विचारायची, "वयनी, बांगडे घरच्यांसाठी, की तुझ्यासाठीच?"

मी रात्रीचं जेवण सोडलं. सोमवार, शनिवार, एकादशी, दिसेल तो उपास धरला. अंग वाढतच राहिलं. जवळच्या डॉक्टरांनी मला हात न लावताच सांगितलं, "वहिनी, जिभेला कुलूप घाला." सोबत आलेल्या सासूबाईंनी घरी येऊन फडताळालाच कुलूप घातलं. लाडू, गूळ, पोहे, सगळं आत आणि किल्ली त्यांच्या कमरेला. यजमान रोज त्या कुलपासमोरून कचेरीत जायचे आणि परत यायचे. एकदाही त्यांनी विचारलं नाही, हे कशाला?

एका दुपारी चुलीपुढे बसल्या बसल्या माझा डोळा लागला आणि पदराने पेट घेतला. सासूबाईंनीच कळशी ओतली म्हणून वाचले, हे मी नाकारत नाही. दंड भाजला. तेव्हा कुठे यजमान हबकले. जखम भरल्यावर आम्ही एसटीने आंबोलीचा घाट चढून बेळगावला गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी माझा गळा चाचपला, गुडघ्यावर छोटी रबरी हातोडी मारून पाहिली. मग यजमानांना विचारलं, "दिवसभरात या किती खातात?"

"भरपूर खाते, साहेब," यजमान कचेरीतल्या मराठीत म्हणाले.

"भरपूर म्हणजे? काल काय जेवल्या?"

यजमान माझ्याकडे बघू लागले. मी भिंतीकडे बघत राहिले.

"ती माझ्यासमोर कधी जेवलेली नाही," शेवटी ते म्हणाले.

"मग मोजूनच पाहू," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीएमआरची तपासणी झाली. बीएमआर म्हणजे माणूस काही न करता नुसता पडून असताना त्याचं शरीर किती इंधन जाळतं, त्याचं माप. त्यासाठी उपाशी जायचं असतं. नर्सने विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?" मी म्हटलं, "नाही." तिने मान डोलावली आणि कामाला लागली. माझं 'नाही' खरं मानणारं माणूस मला किती काळाने भेटलं होतं! मी तिच्या तोंडाकडेच बघत राहिले.

आधी बराच वेळ नुसतं पडून राहायला सांगितलं. दिवसाउजेडी असं पडून राहायची मला कुठली सवय? मग नाकाला चिमटा आणि तोंडात रबरी नळी. नळीच्या टोकाला प्राणवायूचा ड्रम. मी श्वास घेईन तसा ड्रम खाली जायचा आणि एक पेन कागदावर रेघ ओढायचं. गुदमरल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही, घाबरू नका. त्यानंतर कॅलिपर नावाच्या चिमट्याने नर्सने दंडाची, पाठीची, पोटाची कातडी धरून चरबीची जाडी मोजली. लाज वाटते, पण तीही पाच-दहा मिनिटांची. रक्तही काढलं.

सगळे निकाल हातात आल्यावर डॉक्टरांनी मला समजावलं, "तुमच्या शरीराची चूल जेमतेम धुमसते आहे. वजनाच्या मानाने चरबी बेताची आहे, बाकी सूज आहे. उपास केलेत ते फुकट." आणि मग ते वाक्य म्हणाले, ज्यावर मी रडले.

रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली. ग्रंथीच्या कमी पडलेल्या रसाची भरपाई ती करते, आणि बहुधा जन्मभर घ्यावी लागते. हळूहळू थंडी गेली, सूज उतरली, आवाज परत आला. त्या नर्सची आणि त्या ड्रमची मी ऋणी आहे. घरच्यांचं तसं म्हणवत नाही. सासूबाईंनी कुलूप काढलं, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. यजमानांना माहीत नव्हतं, असं एक वेळ म्हणता येईल. सासूबाईंना माहीत होतं. त्याही कधीकाळी सूनच होत्या. त्याच भांड्याच्या तळाशी किती उरतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

बेळगावहून आल्यावर पहिल्याच दुपारी मी माझं ताट यजमानांच्या ताटाशेजारी मांडलं आणि बसले.

"बायलमाणसां मागसून जेवतत गो," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"होय," मी म्हटलं. "म्हणानच कोणाक दिसाक नाय."

मी मूठभर भात कालवला, बांगड्याच्या कढीत भिजवून खाल्ला आणि ताटात पाणी सोडलं. यजमानांचा घास हातातच राहिला होता.

"इतक्याच जेवतस?" त्यांनी विचारलं.

"पयल्यापासून इतक्याच जेवी होतंय," मी म्हटलं, आणि ताट उचललं.