मास्तरांचा डावा कान

आमच्या ह्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणायचे. शाळेशी ह्यांचा काडीचा संबंध नव्हता. टीव्हीवर जाणाऱ्या कार्यक्रमांच्या मास्टर टेप, म्हणजे शेवटच्या पक्क्या प्रती, बनवायचं ह्यांचं काम, त्यावरून ऑफिसातल्यांनी चिकटवलेलं नाव. शेजारणीने एकदा विचारलं, मुलाला गणित शिकवाल का, तर हे म्हणाले, “मला फक्त रंगीत पट्टे काढता येतात.” ती बाई दुसऱ्या दिवशी मुलाला रंगपेटी घेऊन पाठवायला निघाली होती.

पट्टे म्हणजे टेपच्या सुरुवातीला असतात ते. सोबत एकसुरी शिट्टी वाजत राहते, मग थोडा वेळ काळा पडदा, मग कार्यक्रमाचं नाव आणि मग कार्यक्रम. पट्ट्यांवरून चॅनेलवाले रंग जुळवतात, शिट्टीवरून आवाज. प्रेक्षकाला यातलं काही दिसत नाही.

“म्हणजे जन्मभर कुणाला न दिसणारं काम करताय,” मी म्हणायची.

“दिसलं तर समजायचं माझं चुकलं,” हे म्हणायचे, आणि असे ताठ होऊन म्हणायचे की मला हसूही यायचं आणि रागही.

ह्यांची खोली बिनखिडकीची, बर्फासारखी थंड. भर उन्हाळ्यात हे घरून स्वेटर घेऊन निघायचे. यंत्रांची घरघर अखंड चालू. तिथे ह्यांचे दोन नियम होते. टेप पुढे पळवायची नाही, पूर्ण बघायची. आणि सगळं झालं की कोपऱ्यातल्या जुन्या, एकाच स्पीकरच्या टीव्हीवर परत एकदा ऐकायची. “मोठ्या स्पीकरवर गाढवही गवई वाटतं. लोकांच्या घरी जो डबा आहे त्यावर ऐकायला हवं,” हे म्हणायचे. टेपच्या डब्यावर ह्यांची सही असली की चॅनेलवाले टेप नीट तपासायचेसुद्धा नाहीत. इथूनतिथून बघून पास करून टाकायचे.

आणि मग ह्यांचा डावा कान गेला. एकदम नाही, हळूहळू. रस्त्याने चालताना मी काही बोलले की उत्तर नाही. मी म्हटलं, हा नवऱ्यांचा नेहमीचा बहिरेपणा असेल. पण डॉक्टरांनी सांगितलं, शीर मेली आहे, यंत्र लावूनही उपयोग नाही. बाहेर येताच हे मला म्हणाले, “ऑफिसात कळता कामा नये. बहिऱ्याच्या हातात टेप कोण देईल?”

तेव्हापासून मी ह्यांच्या उजव्या बाजूने चालू लागले. चारचौघांत हे एक विद्या शिकले. सगळे हसले की हसायचं, कुणी आपल्याकडे बघितलं की मान डोलवायची. मला ते बघवायचं नाही. घरी आल्यावर मी भांडी आपटायची. यंत्रांच्या घरघरीत कोपऱ्यातला टीव्ही आता ऐकू येईना, म्हणून तो दुसरा नियम ह्यांनी गुपचूप सोडून दिला. हेडफोन लावायचा, आवाज मोठा करायचा आणि उजव्या कानावर काम भागवायचं.

माझी नणंद, आमच्या वन्सं, ह्यांची एकुलती एक धाकटी बहीण. त्यांचा नवरा रंगाच्या कारखान्यातल्या आगीत भाजून गेला, आणि त्याच्याबरोबर त्यांच्याच गल्लीतली आणखी माणसं गेली. मालकांनी सांगितलं, त्यानेच आत सिगारेट पेटवली. लोकांनी ते खरं मानलं. नळावर बायका वन्संना बघून तोंड फिरवायच्या. पण मरायच्या आधी इस्पितळात तो वन्संना सांगून गेला होता की मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. ही गोष्ट वन्संनी आमच्याखेरीज कुणाला सांगितली नव्हती. त्यांच्यावर विश्वास ठेवणार कोण?

पुढे त्या आगीवर टीव्हीसाठी कार्यक्रम करणारी मंडळी आली. वन्संनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. मग हे गेले समजवायला.

“तू बोल. टेप माझ्याच हातून जाणार आहे. तुझा एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही.”

“नक्की ना, दादा?”

“माझ्यावर सोड.”

भावाच्या कानाचं वन्संना काहीच ठाऊक नव्हतं; त्याच्या शब्दाखातर त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या.

पुढे काय झालं ते मला नंतर ह्यांच्या ऑफिसातल्या इंजिनियरने समजावलं, पण इथेच सांगून टाकते. टेपवर आवाजाचे दोन भाग असतात, डावा आणि उजवा. वन्संच्या मुलाखतीच्या वेळी एका वायरीची टोकं उलटी जोडली गेली होती. असा आवाज दोन्ही कानांनी ऐकला तर पोकळ लागतो, जाणत्याला लगेच खटकतो. टीव्हीला एकच स्पीकर असला तर दोन्ही भाग एकमेकांना खाऊन टाकतात आणि काहीच उरत नाही. हेडफोन लावून फक्त एका कानाने ऐकलं, तर मात्र तो आवाज अगदी निर्दोष. ह्यांनी तो तसा ऐकला. आवाज मोजणाऱ्या यंत्राच्या सुयाही व्यवस्थित हलत होत्या. बहिणीचा प्रत्येक शब्द ऐकून ह्यांनी टेपच्या डब्यावर सही केली.

कार्यक्रम संध्याकाळचा होता. वन्संनी सगळ्या गल्लीला घरी बोलावलं होतं, आणि नळावर तोंड फिरवणाऱ्या बायकाही आल्या. टीव्ही जुना, एका स्पीकरचा. हे पुढच्या खुर्चीत बसले, वन्सं त्यांच्या डावीकडे. मी मागे, भिंतीशी.

आधी कारखान्याचा मॅनेजर आला. सिगारेटची गोष्ट त्याने खणखणीत आवाजात सांगितली. मग वन्सं दिसल्या. त्यांचे ओठ हलू लागले आणि मागचं संगीत तेवढं ऐकू येत राहिलं. कुणीतरी उठून आवाज वाढवला. संगीत मोठं झालं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

हे मान डोलवत होते.

वन्संनी ह्यांचा दंड धरला. “दादा, तुला ऐकू येतंय?”

ह्यांनी वळून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. “छान बोललीस गं,” हे म्हणाले. “अगदी स्पष्ट.”

माझ्या ध्यानात आलं, ह्यांना वाटतंय की आता उजवाही कान चालला, म्हणून शब्द ऐकू येत नाहीत.

वन्सं उठून ह्यांच्या समोर उभ्या राहिल्या. “दादा, आवाजच येत नाहीये. कुणालाच येत नाहीये.”

“कुणालाच नाही?”

“नाही.”

“नक्की कुणालाच नाही ना?” हे म्हणाले, आणि सुटल्यासारखा मोठा श्वास सोडून चक्क हसले. दुसऱ्याच क्षणी ह्यांना टेप आठवली असणार, कारण चेहरा पांढराफटक पडला. पण ते हसू वन्संनी बघितलं होतं.

पडद्यावर त्या अजून बोलत होत्या. त्याच आगीत जिचा मुलगा गेला ती बाई पुढे सरकली. “काय सांगत होतीस गं तू?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं.

वन्सं भावाकडे बघत होत्या. त्यांनी हात लांब करून टीव्ही बंद केला.

“काही नाही,” त्या म्हणाल्या.