गॅसची गोळी

माझी अँजिओप्लास्टी ठरली त्या दिवशी माझा मुलगा डॉक्टरांना हळूच दाराबाहेर घेऊन गेला. काचेपलीकडे त्याचे हलणारे ओठ दिसले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोघांनाही आत बोलावलं. म्हटलं, "नळी माझी तुंबलीय. काय बोलायचं ते माझ्यापुढं बोला." डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद घेऊन चित्र काढलं. मनगटातून बारीक नळी घालतात, तुंबलेल्या जागी फुगा फुगवतात, जाळी बसवतात, आणि घरी गेल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. सगळं सांगायला पाच मिनिटं लागली. ही पाच मिनिटं माझ्या वडिलांना कुणी दिली नाहीत. त्या न देणाऱ्यांत मीही होते.

आबा कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा हंगाम. आई पूर्वीच गेली होती. कारखान्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहत होतो, आणि मी तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवत होते. उसाचा रस आटवायच्या मोठ्या भांड्यांत शेकडो नळ्या असतात. त्यांना आतून खपली धरते. मग भांडं बंद ठेवून एकेक नळी घासून काढायची, हे आबांचं जन्माचं काम. जेवतानासुद्धा तेच बोलणं. "नळी धरली की जोर लावायचा न्हाई. आधी बंद करायचं, मग हात घालायचा."

एका सकाळी कामावरच त्यांच्या छातीत कळ आली. कारखान्याच्या जीपमधून त्यांना नगरला नेलं. डॉक्टरांनी छातीला तारा लावून ठोक्यांची पट्टी काढली, ती वाचली आणि मला व तात्यांना बाहेर बोलावलं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, गावाकडून आले होते. डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक आहे. सहा आठवडे अंथरुणात. जिना नाही, चालणं नाही. छातीत भरून आलं की आहे तिथं बसायचं आणि ही गोळी जिभेखाली धरायची. गोळीनं डोकं ठणकेल, पण त्याला घाबरायचं नाही."

तात्यांनी हात जोडले. "डॉक्टरसाहेब, त्याला काय सांगू नका. धसका घेईल. नाव ऐकूनच जाईल तो."

मला वाटलं, डॉक्टर फटकारतील. ते म्हणाले, "बरं. गॅस झालाय म्हणून सांगा." इतक्या सहज म्हणाले, की जणू रोजचंच होतं. आणि रोजचंच होतं. आमच्याकडे मोठं दुखणं आलं की ते गावभर कळतं, फक्त ज्याला झालंय त्याला कळू देत नाहीत, आणि याला माया म्हणतात. मला या मायेची शिसारी येते.

घरी आणल्यावर तात्या आमच्याकडेच राहिले, आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. खाटेजवळ बसून म्हणायचे, "गॅस लई वाईट बघा." ओट्यावर आले की आवाज खाली, "काय खरं न्हाई." आणि लगेच माझ्याकडे बघून, "चहात साखर जरा जास्त टाक गं." कुणी हिंग आणला, कुणी एरंडेल. एका बाईंनी पोह्यांची बशी आबांच्या उशाशी बसून रिकामी केली आणि घराबाहेर पडताच मला विचारलं, "त्यांच्या फंडाचे कागद तुझ्या नावावर हायेत ना?" मला ओकारी आली. खोटं नव्हे, खरोखर न्हाणीत जाऊन ओकले.

आणि आबा? त्यांचं डोकं यंत्राचं. त्यांनी गॅसचा हिशेबशीर विचार केला. "गॅस हाय तर पडून राहून वाढंल की. गॅसला चालायला पाह्यजे." खाटेवरून उठून ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले. गोळीनं त्यांचं डोकं फुटायची वेळ यायची. दोन-चार वेळा घेतली आणि डबी माझ्या हातात दिली. "ह्या गॅसच्या गोळीनं पोटात फरक न्हाई, नुसतं डोकं उठतं. आपल्याला सोडा बरा." डोकं का ठणकतं ते मला माहीत होतं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "डॉक्टरांनी दिलीय, घ्या ना आबा." शाळेत पोरांना ओरडून शिकवणारी मी, घरात एवढंच पुटपुटले.

चौथ्या आठवड्यात, शाळा सुटून मी नुकतीच आले होते. आबा भिंतीला हात टेकून उभे होते. कपाळावर घाम. "छाती भरून आलीय बाय. गॅस चढला. गेटावर जाऊन सोडा पिऊन येतो."

डबी पदराच्या टोकात बांधलेली होती. ती सोडत मी म्हणाले, "बसा आबा. सोडा मी आणते. तुम्ही आधी ही गोळी घ्या."

"ती नको. चाललो की मोकळं हुईल."

"चालू नका!" मी ओरडले.

ते थांबले. माझ्याकडे नीट बघितलं, एखादा सांधा गळतोय का बघावं तसं. "का गं? गॅसला चाललेलं काय वाईट?"

विचारलं होतं त्यांनी. चार शब्द पुरले असते. आबा, तुमच्या काळजाची नळी धरलीय. त्या माणसाइतकं ते वाक्य उभ्या तालुक्यात कुणाला कळलं नसतं. ते मुकाट खाटेवर बसले असते आणि मलाच दटावलं असतं, की हे आधी का नाही सांगितलंस. पण दारात तात्या उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आणि मी, चोवीस वर्षांची शिकलेली बाई, म्हणाले, "ऊन आहे म्हणून."

"एवढ्या उन्हानं काय हुतंय," म्हणत त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

सोड्याची गाडी घरापासून हाकेच्या अंतरावर होती. ते तिथवर पोचले. गाडीवाल्यानं बाटली पुढं केली, पण गोटी आत ढकलायच्या आधीच आबा खाली बसले आणि मग आडवे झाले. मी धावत गेले तेव्हा डबी माझ्या मुठीतच होती.

त्यांना घरी आणून मधल्या खोलीत ठेवलं. वसाहत लोटली. कुणीतरी विचारलं, "काय झालं हो एकाएकी?" आणि तात्या भावाच्या उशाशी उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "हार्ट अटॅक." त्या घरात तो शब्द पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारला गेला, कारण आता आबांना ऐकू येत नव्हतं.