शिळं पेट्रोल

जर्मनीच्या लढाईच्या दिवसांत मी भूमकडच्या एका तलावावर, सरकारी बंगल्यात ड्रायव्हर होतो. तालुकदारसाहेबांना, म्हणजे निजामाच्या कलेक्टरांना, बदकांच्या शिकारीचा शौक. त्यासाठी त्यांनी होडीच्या मागं बसवायची छोटी मोटर आणवली होती, दोरी ओढून चालू होणारी. साहेबांची बदली झाली आणि होडी, मोटर माझ्या हवाली राहिली. पेट्रोल कूपनावर, तेही मिळत नसे. ऑइल मिसळलेलं अर्धा डबा पेट्रोल मी दीड वर्ष जिवापाड जपलं होतं.

भादव्यात एका दुपारी तलावापलीकडच्या वाडीतला एक माणूस बंगल्याजवळच्या दवाखान्यात आला. त्याची बायको दोन दिवस अडली होती. ओढ्याला पूर, तो गळ्याएवढ्या पाण्यातून आला होता. तिथल्या नर्सबाई वयानं मोठ्या, त्यांना ती वाट शक्य नव्हती. त्याला घेऊन त्या माझ्याकडं आल्या.

"वल्हवत किती वेळ लागेल?"

"तासभर. मोटर लावली तर पाव तास," मी ऐटीत म्हणालो.

डबा उघडला तर वास निराळाच. पेट्रोलचा झणका नव्हता, रोगणासारखा आंबूस दर्प होता. रंगही चहासारखा झालेला. माझा हात थांबला होता, खोटं कशाला बोलू. सोलापूरला ज्या मिस्त्रीकडं मी काम शिकलो, त्यांनी बजावलं होतं की जुन्या पेट्रोलचा हलका अंश उडून जातो, उरलेल्याचा डिंक होतो. तरी मी ओतलं. वल्ही पायांत येतील म्हणून काठावरच ठेवली. बऱ्याच झटक्यांनी मोटर सुरू झाली, तेव्हा हायसं वाटलं.

मधोमध आल्यावर ती खोकायला लागली. चोक ओढला की दोन क्षण चाले, पुन्हा गप्प. दोरी ओढून ओढून तळहात सोलले.

"दादा, काय झालं?"

"पेट्रोल चढत नाही."

"मंग वल्ही कुठं हाईत?"

त्यानं एकदा मागच्या काठाकडं पाहिलं, होडीचा दोर खांद्याला बांधला आणि पाण्यात उडी घेतली. तो ओढत राहिला, मी तळाची फळी उपटून पाणी मारत राहिलो. नर्सबाई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती.

त्याची बायको वाचली. मूल गेलेलंच जन्मलं.

"आधी आलो असतो तरी सांगता आलं नसतं," परतताना मी पुन्हा फळीनंच पाणी मारत होतो, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या.

"पण वाचलं असतं का?"

त्या पिशवीचे बंद आवळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर उघडला. तळाला पिवळा चिकट थर, आणि पेट्रोल जायचं सुईएवढं भोक पार बुजलेलं.

पंधरा दिवसांनी वाडीत जाऊन मी त्याला सगळं सांगितलं. तो बैलाला वैरण घालत होता.

"तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

त्यानं हातातली पेंढी बैलापुढं टाकली. बायको दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"त्यास्नी पानी देऊ का?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"दे," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून गोठ्यात गेला.

मी पाणी प्यालो. तांब्या तिच्या हातात द्यायचं धाडस झालं नाही, उंबऱ्यावर ठेवून निघालो.