ठरल्या भेटीची वेळ

ऐंशीच्या दशकातला तो मे महिना आठवला की आजही अंग दुखतं. शाळेला सुट्टी लागली म्हणून लोक माझा, एका मास्तरणीचा, हेवा करायचे. माझी सुट्टी म्हणजे पप्पांची कूस बदलणं, पेज भरवणं, चादरी धुणं. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती. जीभ शाबूत होती, आणि ती दिवसभर एकच विचारायची, "झील कधी येतलो?"

झील म्हणजे मुलगा, माझा भाऊ. तो बोटीवर नोकरीला होता. आमच्या अंगणातल्या क्रूसापुढं दर मेमध्ये लदीन व्हायची. शेजारी जमून प्रार्थना गायचे, मग उकडलेले चणे वाटायचे. पहिली मेणबत्ती घरच्या मुलानं लावायची, अशी रीत. म्हणून पप्पा लदीन पुढं ढकलत राहिले. मळभ दाटू लागलं होतं. एकदा पाऊस धरला की अंगणात कोण गाणार?

पप्पांना कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, द्यायला म्हातारे फादर यायचे. वसईकडचे, हिब्रू शिकलेले, बोलू लागले की आवरत नसत. एका संध्याकाळी खाटेशी बसून सांगू लागले, "बायबलात काळाला एकच शब्द नाही. 'एत' म्हणजे ज्याचा त्याचा हंगाम, पेरायचा, कापायचा. 'ओलाम' म्हणजे नजर पोचत नाही तिथवरचा काळ. आणि 'मोएद' म्हणजे ठरवलेली वेळ, भेटीची. सणालाही तोच शब्द. वाळवंटात देव ज्या तंबूत भेटायचा, त्याच्या नावातही तोच."

मी मुताचं भांडं घेऊन उभी होते. मला राग आला. "फादर, दमलेल्या माणसाच्या वेळेला काय म्हणतात?"

त्यांनी माझ्या हातातल्या भांड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते मला कुणी शिकवलं नाही, बाई."

फादर गेल्यावर पप्पांनी मला खाटेशी बोलावलं. "फाल्या लदीन करूया," म्हणाले. "पयली मेणबत्ती तू लाव."

दुसऱ्या दिवशी त्यांची खाट ओट्यावर आणली. मुलगी मेणबत्ती लावणार म्हणून शेजारीण कुजबुजली, "चेडवान लावची?"

"माका रोज भेटता ता ह्याच चेडू," पप्पा म्हणाले.

भाऊ आला तो पाऊस सरल्यावर. तोवर पप्पा गेले होते.

लदीनच्या त्या संध्याकाळी चणे शेजारणीनंच वाटले. मेणबत्ती लावून मी पायरीवर बसले ती रडतच राहिले, आणि मला कुणी कामाला उठवलं नाही.