तालिया नाव ठेवलं म्हणून काका भडकले

मंडळी, आज उदगीरला भावाच्या लेकीचं बारसं झालं. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा. मी ठेवलं तालिया. हिब्रू नाव हाय, अर्थ देवाचं दव. असल्या दुष्काळात दुसरं काय मागायचं?

काका भडकले. नवा जिल्हा पाहिजे म्हणून मोर्चे काढणाऱ्या माणसाला नवं नाव चालंना!

"परक्या मुलखाचं नाव या घरात न्हाई चालणार. बदल!"

तेवढ्यात गल्लीत बाहेरगावचा पाण्याचा टँकर आला. काकांसकट सगळे घागरी घेऊन पळाले. मी पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात तेच नाव सांगून टाकलं.

काका घागर भरून आले, तसं मी विचारलं, "काका, हे पाणी कुठल्या मुलखाचं हो?"

तवापासून फुगून बसलेत, आन् तेच पाणी पिऊन राहिलेत. तुम्हीच सांगा, आधी काय परत करायचं, नाव का पाणी?